शब्दाची जात नव्हे, शब्दाची ड्यूटी



शाळेच्या इंग्रजीच्या पेपरात एक प्रश्न हमखास असतो. वाक्यातला एक शब्द अधोरेखित करतात आणि विचारतात, या शब्दाची जात कोणती? एमपीएससी, स्टाफ सिलेक्शन यांसारख्या परीक्षांतही हा प्रश्न निराळ्या रूपात भेटतोच. आमची मुले त्यासाठी यादी पाठ करतात. 'बुक' म्हणजे पुस्तक, म्हणून नाम. 'रन' म्हणजे धावणे, म्हणून क्रियापद. 'गुड' म्हणजे चांगले, म्हणून विशेषण. यादी तोंडपाठ होते. मग पेपरात वाक्य येते, 'बुक अ टिकिट फॉर मी', आणि मुलगा 'बुक'खाली नाम लिहून मोकळा होतो. गुण जातो. तिकीट काढून ठेव असे सांगणारा तो 'बुक' तेथे क्रियापद होता, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

रविवारच्या अभ्यासवर्गात आम्ही हा गोंधळ वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. मूल हुशार असते, मेहनती असते, पण यादीवर विसंबून राहते. म्हणून या आठवड्यात हाच विषय घेतला आहे. इंग्रजी वाक्ये आम्ही मुद्दाम देवनागरीत देत आहोत. ज्या माउलीला इंग्रजी अक्षरे लागत नाहीत, तिलाही मुलाशेजारी बसून हा अभ्यास घेता यावा, एवढाच हेतू.

प्रथम नावाचा खुलासा करू. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी अव्यय, उभयान्वयी अव्यय आणि केवलप्रयोगी अव्यय, अशा आठ प्रकारांना मराठी व्याकरणात 'शब्दांच्या जाती' म्हणतात. जुन्या काळी यास्काने नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चारच प्रकार मानले होते. आठांची मांडणी युरोपातली. ती इंग्रजी शिक्षणाबरोबर आपल्याकडे आली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले, तेही इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. इंग्रजीत या प्रकारांना 'पार्ट्स ऑफ स्पीच' म्हणतात, म्हणजे बोलण्याचे भाग. त्या नावात जात कोठेच नाही.

व्याकरणात 'जात' म्हणजे प्रकार एवढाच अर्थ आहे, हे खरे. पण आपल्या घरातल्या मुलाला जात म्हटले की एकच गोष्ट कळते. जन्माला आल्याबरोबर चिकटते ती मरेपर्यंत सुटत नाही, ती जात. मग ते मूल शब्दालाही तसेच समजते. 'बुक' नामाच्या जातीत जन्मला, तो कायमचा नाम. इंग्रजीत असे मुळीच नाही. शब्द कोणत्या प्रकारचा, हे तो वाक्यात त्या वेळी कोणते काम करतो यावरून ठरते.

कोणी म्हणेल, कामावरून जात ठरवायची, हे तर चातुर्वर्ण्यवाल्यांचेच बोलणे झाले. तसे नाही. तेथे काम ठरले की माणूस त्यात अडकून पडे, आणि त्याची मुलेही. शब्द अडकत नाही. कारखान्यातला कामगार या आठवड्यात पॅकिंगला असतो, पुढच्या आठवड्यात लोडिंगला. पाळी बदलली की ड्यूटी बदलते, माणूस तोच. शब्दाचेही तसेच. म्हणून आम्ही मुलांना सांगतो, जात विचारू नका, या ओळीत या शब्दाची ड्यूटी काय आहे, ते विचारा.

एक शब्द, अनेक ड्यूट्या

अगदी रोजचा शब्द घेऊ, 'वर्क'. 'माय वर्क इज हार्ड', म्हणजे माझे काम कष्टाचे आहे. येथे 'वर्क' नाम आहे, आणि 'हार्ड' त्या कामाविषयी सांगतो म्हणून विशेषण. आता दुसरे वाक्य पाहा. 'आय वर्क हार्ड', म्हणजे मी कष्टाने काम करतो. तेच दोन शब्द, पण 'वर्क' झाला क्रियापद आणि 'हार्ड' झाला क्रियाविशेषण. तिसरा प्रकार 'वर्क ऑर्डर'. येथे 'वर्क' ऑर्डरच्या पुढे उभा राहून कसली ऑर्डर ते सांगतो, म्हणजे विशेषणाची ड्यूटी बजावतो.

'वॉटर' घ्या. 'ड्रिंक वॉटर', पाणी पी, येथे नाम. 'वॉटर द प्लांट्स', झाडांना पाणी घाल, येथे क्रियापद. 'वॉटर टँक', पाण्याची टाकी, येथे विशेषणाचे काम.

'राउंड' हा तर पाच ड्यूट्या करणारा शब्द. १९३० साली बाबासाहेब ज्या गोलमेज परिषदेला लंडनला गेले, तिचे इंग्रजी नाव राउंड टेबल कॉन्फरन्स. तेथे 'राउंड' विशेषण आहे, गोल. वॉचमन रात्री 'राउंड' घेतो, तो नाम. 'वॉक राउंड द बिल्डिंग' म्हटले की शब्दयोगी अव्यय. 'टर्न राउंड', मागे वळ, येथे क्रियाविशेषण. आणि हिशेबनीस रक्कम 'राउंड ऑफ' करतो, तेव्हा तोच शब्द क्रियापद.

आपल्या मराठीतही हे थोडेफार आहे. 'चांगली मुलगी' म्हणताना 'चांगली' विशेषण, 'ती चांगली गाते' म्हणताना तोच शब्द क्रियाविशेषण, आणि 'चांगल्यांची संगत धरावी' म्हणताना नाम. तरी मराठीत शब्द बहुधा कपडे बदलून ड्यूटीवर येतो. खेळ, खेळतो, खेळकर. शेवट पाहिला की काम कळते. इंग्रजीत 'प्ले' हा 'खेळ'ही आणि 'खेळणे'ही. अंगावर कपडे तेच.

मग ओळखायचे कसे? जागेवरून. मराठीत 'मुलगा आंबा खातो' म्हणा की 'आंबा मुलगा खातो' म्हणा, आंबाच खाल्ला जातो. इंग्रजीत जागा बदलली की अर्थ उलटतो. इंग्रजी वाक्यात कोण कोठे उभा आहे यालाच किंमत आहे. म्हणून शब्दाचे शेजारी पाहावेत. चार खुणा लक्षात ठेवल्या तर पुष्कळसे काम भागते.

पहिली खूण. शब्दाच्या आधी 'अ', 'अॅन', 'द', 'माय', 'युवर', 'धिस' यांपैकी काही असेल, तर पुढे नाम येणार. मध्ये एखादे विशेषण असू शकते. 'अ लाँग वॉक', एक लांबची चाल, येथे 'वॉक' नाम.

दुसरी खूण. शब्दाच्या आधी 'कॅन', 'विल', 'मस्ट', 'शुड' असेल तर तो क्रियापद. 'आय', 'वुई', 'दे' यांच्या लगेच मागोमाग येणारा शब्दही बहुतेक वेळा क्रियापदच. 'वुई वॉक', आम्ही चालतो.

तिसरी खूण. शब्द नामाच्या अगदी पुढे उभा राहून कसले, कोणते, किती हे सांगत असेल, तर तो विशेषणाचे काम करतो. 'फास्ट लोकल' मधला 'फास्ट'.

चौथी खूण. शब्द क्रिया कशी, केव्हा, कोठे घडली हे सांगत असेल, तर क्रियाविशेषण. 'द ट्रेन रन्स फास्ट' मधला 'फास्ट'. येथे 'फास्टली' असा शब्द मुले जोडतात. असा शब्द नाही. 'फास्ट'च दोन्ही कामे करतो.

एका 'टु'ने काय होते

हे सगळे परीक्षेपुरते आहे असे कोणी समजू नये. आमच्या टेबलावर अर्ज येतात, आणि सामाजिक कामामुळे वस्तीतले लोकही कागद घेऊन येतात. त्यातले एक प्रकरण सांगतो.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे काम करणारा एक तरुण. गावी आई आजारी पडली. सुपरवायझर म्हणाला, इंग्रजीत अर्ज दे. त्याने बिचाऱ्याने रात्री बसून लिहिले, 'आय वॉन्ट टु लीव्ह फ्रॉम मंडे'. त्याला म्हणायचे होते, सोमवारपासून रजा पाहिजे. पण कागदावर झाले, सोमवारपासून मला काम सोडायचे आहे. 'आय वॉन्ट लीव्ह' मध्ये 'लीव्ह' नाम आहे, त्याचा अर्थ रजा. 'आय वॉन्ट टु लीव्ह' मध्ये 'लीव्ह' क्रियापद आहे, त्याचा अर्थ सोडून जाणे. मध्ये फक्त एक 'टु'.

आईला बरे करून तो परत आला, तेव्हा गेटवर त्याचे नाव नव्हते. ठेकेदाराने तोच कागद पुढे केला. तू स्वतः लिहून दिलेस, सही तुझी आहे. परत कधी येणार, ती तारीखही अर्जात नव्हती. आम्ही दोघे-तिघे बोलायला गेलो. आईच्या दवाखान्याचे कागद दाखवले, रजा मागायला आलेला माणूस राजीनामा कशाला देईल, असे विचारले. तीन आठवड्यांनी त्याला कामावर घेतले, पण नवा कामगार म्हणून. चार वर्षांची जुनी सेवा तुटली ती तुटलीच.

दोष नुसत्या 'टु'चा होता असे आम्ही म्हणत नाही. ज्याला निमित्त हवे असते त्याला ते सापडते. पण आपल्या हाताने निमित्त लिहून द्यावे का? असा अर्ज सरळ असावा. 'आय रिक्वेस्ट यू टु ग्रँट मी लीव्ह फ्रॉम मंडे टु सॅटर्डे. माय मदर इज इल. आय विल जॉइन ड्यूटी अगेन ऑन द नेक्स्ट मंडे.' तीन वाक्ये पुरेत. दोन्ही सोमवारच्या तारखा घालाव्यात आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. या अर्जातही 'टु' दोनदा आला आहे, आणि त्याची ड्यूटी दोन्हीकडे निराळी आहे. 'टु ग्रँट' मध्ये तो क्रियापदाचा हात धरून येतो. 'मंडे टु सॅटर्डे' मध्ये तो शब्दयोगी अव्यय आहे, पुढे नाम आहे.

'रिक्वेस्ट'चेही असेच. पुष्कळ अर्जांत 'आय रिक्वेस्ट टु यू' असे असते. 'रिक्वेस्ट' क्रियापद असेल तर मध्ये 'टु' लागत नाही, 'आय रिक्वेस्ट यू'. तो नाम असेल तर 'टु' चालतो, 'माय रिक्वेस्ट टु यू'. 'डिस्कस' आणि 'डिस्कशन' यांचा न्याय तोच. 'वुई डिस्कस्ड द मॅटर', येथे 'अबाउट' नको. 'वुई हॅड अ डिस्कशन अबाउट द मॅटर', येथे हवा.

मोबाइल चूक दाखवील, अशा भरवशावर राहू नये. शब्दाचे स्पेलिंग बरोबर असले की मोबाइल बहुधा गप्प बसतो. 'लीव्ह'चे स्पेलिंग दोन्हीकडे एकच. आणि एक गोष्ट ठणकावून सांगतो. जेथे मराठीत अर्ज चालतो तेथे मराठीत करावा, त्यात कमीपणा नाही. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्याची राजभाषा आहे. इंग्रजी शिकायची ती आपल्या सहीच्या वर काय लिहिले आहे हे आपल्याला कळावे म्हणून.

आपल्या शहराच्या पाट्या वाचा

नवी मुंबईत राहणाऱ्याला व्याकरणाचे पुस्तक विकत घेण्याआधी पाट्या वाचूनच बराच अभ्यास होईल. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोचे पूर्ण नाव सिटी अँड इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन. यात 'कॉर्पोरेशन' हे मुख्य नाम. 'डेव्हलपमेंट' हेही नाम, 'डेव्हलप' या क्रियापदापासून झालेले. 'इंडस्ट्रियल' विशेषण, 'इंडस्ट्री' या नामापासून झालेले. आणि 'सिटी' हे नाम असूनही येथे 'इंडस्ट्रियल'च्या बरोबरीने विशेषणाचे काम करते. 'अँड' त्या दोघांना जोडतो, तो उभयान्वयी अव्यय. एका पाटीत तीन प्रकार सापडले.

वाशीचे मार्केट घ्या. एपीएमसी म्हणजे अॅग्रिकल्चरल प्रॉड्यूस मार्केट कमिटी. यातला 'प्रॉड्यूस' म्हणजे शेतमाल, नाम. तेच स्पेलिंग क्रियापद झाले की अर्थ होतो उत्पन्न करणे, आणि उच्चारही बदलतो. नाम असताना जोर पहिल्या भागावर, 'प्रॉ'वर. क्रियापद असताना जोर दुसऱ्या भागावर, 'ड्यूस'वर. ही खूण इंग्रजीत दोन भागांच्या बऱ्याच शब्दांना लागू पडते. उरणच्या रस्त्याला कंटेनरच्या रांगा लागतात, तेथे ड्रायव्हरच्या तोंडी 'एक्सपोर्ट', 'इम्पोर्ट', 'परमिट', 'कॉन्ट्रॅक्ट', 'रेकॉर्ड' हे शब्द दिवसभर असतात. हे पाचही नाम आणि क्रियापद दोन्ही आहेत. 'शो युवर परमिट' म्हणताना जोर 'पर'वर. 'दे विल नॉट परमिट अस', ते आम्हाला परवानगी देणार नाहीत, म्हणताना जोर 'मिट'वर. तोंडी मुलाखतीत हे कानाला लगेच जाणवते.

काही शब्दांत एक अक्षर बदलते. 'अॅडव्हाइस' म्हणजे सल्ला, नाम, त्यात 'सी'. 'अॅडव्हाइज' म्हणजे सल्ला देणे, क्रियापद, त्यात 'एस'. ब्रिटिश स्पेलिंगप्रमाणे 'प्रॅक्टिस' आणि 'लायसन्स' यांचेही तसेच, उच्चार मात्र एकच राहतो. अमेरिकन स्पेलिंग थोडे निराळे आहे, पण आपल्या पाठ्यपुस्तकांत ब्रिटिश पद्धत चालते. लक्षात ठेवायची युक्ती सोपी आहे. इंग्रजी मुळाक्षरांत 'सी' आधी येतो, 'एस' नंतर. 'नाउन'चा 'एन' आधी येतो, 'व्हर्ब'चा 'व्ही' नंतर. आधीचा आधीशी, नंतरचा नंतरशी.

शब्दांची घराणी

सगळेच शब्द एका कपड्यात सर्व ड्यूट्या करत नाहीत. पुष्कळ शब्द शेपूट जोडून काम बदलतात. ही शेपटे ओळखली की अनोळखी शब्दाचेही काम कळते.

'शन', 'मेंट', 'नेस', 'टी', 'अन्स' असा शेवट असेल तर बहुधा नाम. एज्युकेशन, पेमेंट, इलनेस, इक्वॅलिटी, अटेंडन्स. 'फुल', 'लेस', 'अस', 'एबल' असा शेवट असेल तर बहुधा विशेषण. केअरफुल, जॉबलेस, डेंजरस, पेएबल. विशेषणाला 'ली' लागला की बहुधा क्रियाविशेषण. केअरफुली, रेग्युलरली. पण 'फ्रेंडली' हे विशेषण आहे, 'ली' दिसला तरी फसू नये.

आपल्या घरांत 'व्हॅलिडिटी' हा शब्द आबालवृद्धांना ठाऊक आहे. जातपडताळणीसाठी फेऱ्या मारून मारून तो पाठ झाला आहे. त्याचे घराणे असे. 'व्हॅलिड' विशेषण, वैध. 'व्हॅलिडिटी' नाम, वैधता. 'व्हॅलिडेट' क्रियापद, वैध ठरवणे. म्हणून 'माय सर्टिफिकेट इज व्हॅलिडिटी' हे चूक, 'माय सर्टिफिकेट इज व्हॅलिड' हे बरोबर. 'आय हॅव अ व्हॅलिडिटी सर्टिफिकेट' हेही बरोबर, कारण तेथे 'व्हॅलिडिटी' नामाच्या पुढे उभी आहे.

'अॅबसेंट' विशेषण, 'अॅबसेन्स' नाम. मेमोला उत्तर देताना 'आय वॉज अॅबसेन्स' लिहू नये. 'आय वॉज अॅबसेंट ऑन मंडे' किंवा 'द रीझन फॉर माय अॅबसेन्स वॉज इलनेस' असे लिहावे. 'लॉस' नाम, 'लॉस्ट' विशेषण. पास हरवला तर 'माय पास इज लॉस्ट'.

मुलाखतीला जाणाऱ्या मुला-मुलींनी दोन जोड्या विशेष ध्यानात ठेवाव्यात. पहिली, 'इंटरेस्टेड' आणि 'इंटरेस्टिंग'. दोन्ही विशेषणे आहेत, पण 'एड'वाले आपल्या मनाची अवस्था सांगते आणि 'इंग'वाले ती अवस्था निर्माण करणाऱ्याचा गुण सांगते. 'आय अॅम इंटरेस्टेड इन धिस जॉब', मला या कामात रस आहे. 'आय अॅम बोअर्ड', मला कंटाळा आला. 'आय अॅम बोअरिंग' म्हटले तर अर्थ होतो, मी कंटाळवाणा माणूस आहे. दुसरी जोडी, 'हार्ड' आणि 'हार्डली'. 'आय वर्क हार्ड', मी कष्ट करतो. 'आय हार्डली वर्क', मी जवळजवळ कामच करत नाही. 'ली' लावला की इंग्रजी जास्त भारदस्त होते अशी समजूत असते. अशा समजुतीने कष्टाळू मुलगा मुलाखतीत स्वतःला आळशी ठरवून बसतो. 'लेट' आणि 'लेटली' तसेच. 'आय केम लेट', मी उशिरा आलो. 'लेटली' म्हणजे अलीकडे.

उद्देशिका हाच उत्तम धडा

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्या बहुतेक घरांत संविधानाची उद्देशिका भिंतीवर आहे, शाळेतही मुले ती वाचतात. ती इंग्रजीतून समोर घ्या. व्याकरणाचा इतका चांगला धडा दुसरीकडे मिळणार नाही.

'कॉन्स्टिट्यूट' हे क्रियापद तेथे सुरुवातीलाच आहे, घडवणे. त्याच्यापासून 'कॉन्स्टिट्यूशन' हे नाम झाले, म्हणजे संविधान. त्यापासून 'कॉन्स्टिट्यूशनल' विशेषण आणि 'कॉन्स्टिट्यूशनली' क्रियाविशेषण. पुढे 'रिपब्लिक' हे नाम आहे, आणि त्याच्या आधी चार विशेषणे रांगेने उभी आहेत, सोव्हरिन, सोशालिस्ट, सेक्युलर, डेमोक्रॅटिक. मधली दोन १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आली. यांतला 'सोशालिस्ट' दुसऱ्या वाक्यात नामही होतो, समाजवादी माणूस. आणि 'रिपब्लिक'पासून झालेले 'रिपब्लिकन' हे विशेषण आपल्याला १९५७ साली स्थापन झालेल्या पक्षाच्या नावावरून चांगलेच परिचयाचे आहे.

मग येते 'सिक्युअर'. आपल्यातले कितीतरी बांधव सिक्युरिटी गार्ड आहेत. 'सिक्युरिटी' नाम, गार्डच्या पुढे उभे राहिले की विशेषणाचे काम. 'द गेट इज सिक्युअर', फाटक सुरक्षित आहे, येथे 'सिक्युअर' विशेषण. उद्देशिकेत मात्र 'सिक्युअर' क्रियापद आहे. सर्व नागरिकांना न्याय, स्वातंत्र्य आणि समानता प्राप्त करून देणे, असा तेथे अर्थ आहे. येथे त्याला विशेषण समजणारा मुलगा वाचून म्हणेल, सगळे काही आधीच सुरक्षित आहे. क्रियापद समजणाऱ्याला कळेल की हे करायचे काम आहे, मिळवून द्यायचे आहे. तसेच 'प्रमोट'. 'प्रमोशन' आपण नोकरीत ऐकतो, उद्देशिकेत 'प्रमोट' हे क्रियापद बंधुता वाढवण्यासाठी आले आहे. 'जस्टिस', 'लिबर्टी', 'इक्वॅलिटी', 'फ्रॅटर्निटी' ही चारही नामे. त्यांतल्या 'इक्वॅलिटी'चे विशेषण 'इक्वल', आणि 'जस्टिस'चे 'जस्ट', म्हणजे न्याय्य. हाच 'जस्ट' क्रियाविशेषण झाला की अर्थ होतो नुकताच, 'ही हॅज जस्ट कम'.

पुढे सतरावे कलम काढा, अस्पृश्यता नष्ट करणारे. त्यात 'अॅबॉलिश' या क्रियापदाचे रूप आहे. 'प्रॅक्टिस' तेथे नाम आहे, म्हणून ब्रिटिश पद्धतीने 'सी'. 'एन्फोर्समेंट' नाम आहे, 'एन्फोर्स' या क्रियापदापासून झालेले. 'पनिशेबल' विशेषण, त्याचे क्रियापद 'पनिश' आणि नाम 'पनिशमेंट'. कायद्याची भाषा अवघड वाटते ती बरीचशी अशा नामांमुळे. प्रत्येक नामाचे क्रियापद शोधून काढा आणि विचारा, कोणी काय करायचे नाही, केले तर काय होणार. कलम आपोआप उलगडते.

बाबासाहेबांच्या ग्रंथांची नावेही अशीच पाहावीत. १९३६ सालच्या ग्रंथाच्या नावातले 'अॅनिहिलेशन' हे नाम, त्याचे क्रियापद 'अॅनिहिलेट', समूळ नाहीसे करणे. त्याच नावातल्या 'कास्ट'च्या स्पेलिंगात शेवटी 'ई' आहे, तो नाम, जात. 'ई' नसलेला 'कास्ट' क्रियापद, 'कास्ट युवर व्होट', आपले मत टाका. कानाला दोन्ही सारखे, म्हणून लिहिताना जपावे.

१९२४ साली मुंबईत स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे ब्रीद तीन इंग्रजी शब्दांचे होते. एज्युकेट, अॅजिटेट, ऑर्गनाइज. तिन्ही क्रियापदे आहेत, आणि आज्ञार्थी. त्यांची नामे एज्युकेशन, अॅजिटेशन, ऑर्गनायझेशन. मुलांकडून ही सहा रूपे लिहून घ्यावीत. 'शन' लावला की क्रियापदाचे नाम कसे होते, हे एकदाच पक्के होईल.

या आठवड्याचा घरचा अभ्यास

रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे पुरेत. घरातला कोणताही इंग्रजी कागद घ्यावा, विजेचे बिल, पगाराची स्लिप, औषधाचे वेष्टन, शाळेची नोटीस. त्यातले पाच शब्द निवडावेत आणि प्रत्येकाची ड्यूटी विचारावी. मुलाने उत्तर दिले की 'कशावरून?' असे जरूर विचारावे. शेजारचा शब्द दाखवता आला तरच उत्तर खरे. आईला इंग्रजी येत नसले तरी 'कशावरून?' हा प्रश्न तिला विचारता येतो, आणि आमच्या अनुभवाने तोच सर्वांत कामाचा आहे. ऐरोलीच्या सेक्टर १५ मधील डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकात ग्रंथालय आहे. मोठ्या मुलांनी तेथे जाऊन चांगला इंग्रजी शब्दकोश उघडून पाहावा. शब्दापुढे 'एन', 'व्ही', 'अॅडज', 'अॅडव्ह' अशी छोटी खूण असते. एकाच शब्दापुढे दोन-तीन खुणा दिसल्या की शब्द किती ड्यूट्या करतो ते डोळ्यांना दिसते.

सरावासाठी पाच वाक्ये देतो. 'लीव्ह', 'ओपन', 'लाइट', 'आन्सर' आणि 'आफ्टर' यांची ड्यूटी ओळखा.

१. माय लीव्ह इज ओव्हर.
२. द शॉप इज ओपन.
३. प्लीज लाइट द कँडल.
४. आन्सर ऑल द क्वेश्चन्स.
५. आय विल कम आफ्टर आय फिनिश माय वर्क.

उत्तरे अशी. पहिल्यात 'लीव्ह' नाम, आधी 'माय' आहे. दुसऱ्यात 'ओपन' विशेषण, दुकान कसे आहे ते सांगतो. तिसऱ्यात 'लाइट' क्रियापद, मेणबत्ती पेटवायला सांगतो. चौथ्यात 'आन्सर' क्रियापद, उत्तरे द्यायला सांगतो. पाचव्यात 'आफ्टर' उभयान्वयी अव्यय, कारण तो दोन वाक्ये जोडतो. तेथे नुसते 'आफ्टर लंच' असते तर तो शब्दयोगी अव्यय झाला असता.

ज्या घरी कोणाला इंग्रजीत अर्ज लिहायचा असेल, त्यांनी तो देण्याआधी घरातल्या शिकत्या मुलाकडून एकदा वाचून घ्यावा. प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारायला सांगावी आणि विचारावे, मी नक्की काय करणार असे यात लिहिले आहे? मुलाचे उत्तर आपल्या मनातल्याशी जुळले, मगच सही करावी.

पुढील आठवड्यात क्रियापदाचे काळ पाहू.

जयभीम.